तोंड बदललं गुरुजीचं

नोव्हेंबर लागला की माझ्या सेतूवर म्हाताऱ्या लोकांची लाईन लागते. हयातीचा दाखला. पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवावं लागतं, आधी त्यासाठी बँकेत जाऊन सही करायचे, आता मोबाईलसमोर चेहरा धरला तरी काम होतं. कारंजा तालुक्यातल्या एका गावात २०१८ पासून मी हे दुकान चालवते, झेरॉक्स, पीकविमा, सातबारा, जातीचे दाखले, पासपोर्ट फोटो, जे म्हणाल ते. दिवसभर लोकांची तोंडं पाहायचाच धंदा आहे म्हणा ना. त्यामुळे उंबरठ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या माणूस कसा आहे ते मला कळतं अशी माझी एक समजूत होती, आणि मी ती चारचौघात बोलूनही दाखवायची.

आता गुरुजींचं सांगते. नाव लिहीत नाही, गावात सगळे गुरुजीच म्हणतात.

चौथीपर्यंत मला त्यांनीच शिकवलं. छडी होती पण ती फळ्याच्या मागं धूळ खात पडलेली असायची, गुरुजींचं काम भुवईवर चालायचं. उजवी भुवई वर गेली की आख्खा वर्ग चूप. दोन्ही वर गेल्या की समजायचं आता काहीतरी गंमत सांगणार. संध्याकाळी राष्ट्रसंतांच्या प्रार्थनेला खंजिरी घेऊन बसायचे, तुकडोजी महाराजांचं भजन म्हणताना डोळे, मान, खांदे सगळंच गात असायचं त्यांचं. २०१४ ला रिटायर झाले. त्यानंतरही पानठेल्यावर गुरुजी उभे असले की दहा माणसं जमलेलीच.

कोरोनाच्या नंतर कधीतरी गुरुजी बदलले. एका दिवसात नाही, पण लोकांच्या लक्षात येईल इतके. हसणं बंद. कोणी रामराम केला तर उत्तर द्यायचे पण असं जसं काही भिंतीनं दिलं. प्रार्थनेला येणं सोडलं. आवाज इतका बारीक की काय म्हणाले ते दोनदा विचारावं लागे, आणि दोनदा विचारलं की लोकांना वाटे हे मुद्दाम हळू बोलून राहिले. त्याच सुमारास त्यांचा मुलगा पुण्याला चांगल्या कंपनीत लागला, घराला स्लॅब पडला, समोर लोखंडी गेट बसलं. मग काय, गावाला दुसरं कारण शोधायची गरजच नाही पडली. "पोरगा पुण्याले लागला, आता गुरुजी कायले हासते आपल्यासंग." हे वाक्य मी किमान वीस जणांच्या तोंडून ऐकलं असेल, आणि खरं सांगायचं तर एक-दोनदा मीही म्हटलं.

माझं कारण असं की २०२१ ला मी दुसरा कम्प्युटर घेतला, एक पोरगी कामाला ठेवली, त्याचे पेढे घेऊन गुरुजींकडे गेले. मी त्यांची आवडती विद्यार्थिनी बरं का, मला वाटलं होतं दोन्ही भुवया वर जातील. त्यांनी पेढा घेतला, "छान" म्हणाले, आणि पेढा तसाच हातात धरून माझ्याकडे पाहत बसले. तोंडावर रेघ हलली नाही. मी घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळी गोष्ट तयार झालेली होती, की यांना सेतू चालवणारी पोरगी म्हणजे काही विशेष वाटत नाही, स्वतःचा पोरगा इंजिनिअर आहे ना.

बाबांचं कारण जास्त मोठं होतं. २०२२ ला लंपी आला तेव्हा आमचा एक बैल गेला. जोडीतला उजवा. बाबांनी घरात दोन दिवस भाकर खाल्ली नाही, तिसऱ्या दिवशी पानठेल्यावर गेले, तिथं गुरुजी होते, चाळीस वर्षांची दोस्ती, बाबांनी त्यांना सांगितलं. घरी आले ते लाल होऊन.

"माहा बैल मेला अन् हा माणूस असा पाहून राह्यला जसा मी त्याले बसचा टाईम सांगतो."

त्यानंतर बाबांनी त्या गल्लीतून जाणंच बंद केलं, वावरात जायचा लांबचा रस्ता धरला.

इथं बाबांबद्दल एक सांगायला पाहिजे. बाबा तरुणपणी बैलबाजारात फिरलेले. आमच्याकडं कारंज्याचा बाजार फार जुना, १८८६ साली इथं देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ झाली, आणि आता बाजार समितीत उघडा लिलाव असतो, भाव चारचौघात बोलला जातो. पण बैलबाजारात दलाल लोकांची रीत वेगळी. दुपट्ट्याखाली एकमेकांचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, कोणतं बोट, किती बोटं, किती वेळा, त्याचा सगळा हिशोब ठरलेला. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही कळत नाही. आणि यात मुख्य कसब बोटांचं नाही, तोंडाचं. समोरच्यानं पडता भाव दाबला तरी तोंड कोरं ठेवायचं, चढा दाबला तरी कोरंच. बाबा सांगतात, ज्याचं तोंड हललं त्याचा बैल स्वस्तात गेला. म्हणून त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं की तोंड कोरं ठेवणारा माणूस काहीतरी झाकून राहिला. गुरुजी काय झाकतात? तर दोस्तीचा कंटाळा आला ते झाकतात. आमच्या घरात हा निकाल लागला आणि त्यावर अपील कोणी केलं नाही.

२०२३ च्या उन्हाळ्यात गुरुजींचा खांदा धरला. इथं मालिश झाली, शेक झाला, गोळ्या झाल्या, शेवटी मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी खांद्याला हात लावायच्या आधी त्यांना व्हरांड्यात चालायला लावलं म्हणे. डावा हात हलतच नव्हता चालताना, नुसता लटकलेला. मग एका कागदावर एकच ओळ चार-पाच वेळा लिहायला लावली. अक्षर बारीक बारीक होत गेलं. मग काकूंना विचारलं, यांचा चेहरा आधीपासून असाच आहे का?

काकू मला हे सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज फुटला. "तीन वरीस झाले वं, मी यायले रोज इचारो, तुमी रागावले काय, माहं काही चुकलं काय. हे म्हणे नाई. अन् तोंड पाहावं तं रागावल्यासारखं. मी मनातल्या मनात किती भांडली यायच्यासंग."

पार्किन्सन. आपण कंपवात म्हणतो तो. मला वाटायचं कंपवात म्हणजे हात थरथरणं, पण गुरुजींचा हात फारसा थरथरत नव्हता, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. जेम्स पार्किन्सन नावाच्या लंडनच्या डॉक्टरनं १८१७ मध्ये याच्यावर पहिल्यांदा सविस्तर लिहिलं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, आणि ज्या हालचाली आपण न ठरवता करतो त्या हळूहळू आटतात. चालताना हात हलणं. पापणी लवणं. समोरचा बोलत असताना आपल्या भुवईचं आपोआप वर-खाली होणं. आवाज बारीक होतो, अक्षर बारीक होतं, चेहरा थिजतो, त्याला डॉक्टर लोक मुखवटाच म्हणतात. आत माणूस तोच असतो, हसू येतं, वाईट वाटतं, फक्त ते तोंडापर्यंत पोचत नाही.

त्या रात्री मी दुकानाचं शटर अर्धं खाली करून कम्प्युटरवरचं जुनं फोल्डर उघडलं. दर नोव्हेंबरला गुरुजी यायचे, कधी फोटो काढायचे, कधी एखादा फॉर्म स्कॅन करायचे. २०१८ चा फोटो, हसू नका म्हटलं तरी डोळ्यात हसू आहे. २०१९, तसाच. २०२० मध्ये मास्क. २०२१ च्या फोटोत डोळे जरा मोठे, टक लावल्यासारखे. २०२२ च्या फोटोत माणूसच वेगळा. आणि सह्या! २०१८ ची सही म्हणजे फळ्यावरचं अक्षर, रेघेच्या वर-खाली जाणारं, आणि २०२२ ची सही सुरुवातीला जरा बरी, शेवटी मुंगीएवढी. सगळं माझ्याच कम्प्युटरमध्ये होतं. मी दर वर्षी तो फोटो क्रॉप करत होते आणि मनात म्हणत होते, पहा किती माजले.

तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचायची सवय लागली, रात्री मोबाईलवर, नवरा ओरडतो. लिंडा टिकल-डेग्नन नावाच्या बाईंचं काम सापडलं, अमेरिकेतल्या. २००४ चा त्यांचा एक अभ्यास आहे, त्यात उपचार करणाऱ्या लोकांनाच पार्किन्सनच्या पेशंटचे छोटे छोटे व्हिडिओ दाखवले. ज्यांचा चेहरा जास्त थिजलेला, त्यांच्याबद्दलचं मत जास्त वाईट आणि जास्त चुकीचं. नवख्यांचंच नाही, अनुभवी लोकांचंसुद्धा. हे वाचून मला थोडं बरं वाटलं की वाईट वाटलं ते अजून ठरलं नाही. ज्यांचा रोजचा धंदा हाच आहे ते फसतात तर पानठेल्यावरचे कसे सुटतील, हे एक. आणि दुसरं, गुरुजी मग कुठं गेले तरी हेच होणार.

पहिल्या नजरेत माणूस कळतच नाही असंही नाही पण. ते म्हटलं तर सोपं झालं असतं. नलिनी अंबाडी म्हणून एक बाई होत्या, कोलकात्यात जन्मलेल्या, पुढं हार्वर्डला शिकल्या, २०१३ मध्ये रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. त्यांनी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये छापलेला एक प्रयोग फार नावाजलेला आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या १३ जणांचे दहा-दहा सेकंदांचे तीन तुकडे, आवाज बंद करून, अनोळखी लोकांना दाखवले. नुसते हातवारे, चेहरा, उभं राहणं. त्यावरून लोकांनी जे मार्क दिले ते सत्राच्या शेवटी त्यांच्याच विद्यार्थ्यांनी दिलेल्या मार्कांशी बऱ्यापैकी जुळले. दोन सेकंदांचे तुकडे करून पाहिले तरीसुद्धा! आमच्या गुरुजींचा १९९५ चा दोन सेकंदांचा व्हिडिओ असता तर तेही पास झाले असते यात शंका नाही, आणि २०२२ चा असता तर नापास. शिकवण्याची अक्कल दोन्ही वेळा तीच. शिवाय माझी एक शंका आहे, मी काही शिकलेली बाई नाही त्यातली, पण विद्यार्थ्यांनी दिलेले मार्क म्हणजे तरी काय, तेही बरंचसं तोंड पाहूनच दिलेले असणार ना. अंदाज अंदाजाशी जुळला.

मला जास्त लागलं ते दुसरंच. २००६ मध्ये जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागाइतकाच वेळ दाखवले, आणि विचारलं, हा विश्वासाचा वाटतो का, तापट वाटतो का वगैरे. तेवढ्यात मत झालं. मग वेळ वाढवून दिला. तर मत फारसं बदललं नाही, वाढली ती खात्री. हे वाचलं आणि मला आमचा आख्खा गाव दिसला. तीन वर्षं आम्ही गुरुजींना पाहत होतो, म्हणजे वेळ कमी मिळाला असं म्हणता येणार नाही.

मागं तालुक्याच्या कॉलेजात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटवाले एक सर आले होते, कोट-टाय, उन्हाळ्यात, त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं की बोलण्यात शब्द फक्त ७ टक्के, बाकी ९३ टक्के आवाज आणि बॉडी लँग्वेज. मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं होतं. आता कळलं की तो आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून जोडलेला आहे, आणि त्यात एकेकटा शब्द वेगवेगळ्या स्वरात म्हणून दाखवला होता, प्रश्न एवढाच होता की शब्द, सूर आणि चेहरा जुळत नसले की समोरच्याला भावना कोणती वाटते. सगळ्या बोलण्याला तो लागू नाहीच. नाहीतर मग मी सातबाराची फी हातवारे करूनच सांगितली असती.

बाबांना मात्र यातलं जे मी सांगितलं त्यातलं एकच पटलं. ते डोळ्यांचं. झालं असं होतं की पीककर्जाच्या वेळी बँकेत नवीन आलेल्या साहेबांनी मला बाजूला घेऊन म्हटलं, तुमचे वडील काहीतरी लपवतात वाटतं, सारखे खाली पाहतात. आता बाबा मोठ्या माणसासमोर खालीच पाहतात, त्यांच्या वेळचे सगळेच पाहतात, खुर्ची दिली तरी टोकावर बसतील, टोपी काढून टोंगळ्यावर ठेवतील. साहेबांच्या डोळ्यात डोळे घालून बोलणं म्हणजे त्यांच्या हिशोबानं भांडणाची सुरुवात. मी बाबांना सांगितलं की ५८ देशांत लोकांना विचारलं, खोटं बोलणारा कसा ओळखता, तर सगळ्यात जास्त लोकांनी हेच सांगितलं, तो नजर चुकवतो. आणि खरोखर तपासायला गेलं तर नजरेवरून खोटं पकडता येतं असं काही निघत नाही. दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिलं तर खरं-खोटं ओळखण्यात लोक १०० पैकी ५४ वेळा बरोबर येतात, नाणं उडवलं तरी ५० वेळा येतं.

बाबा म्हणाले, "म्हंजे त्या सायबानं माह्याबद्दल नाणं उडवलं."

हो.

थोडा वेळ गेला. मग म्हणाले, "अन् मी गुरुजीबद्दल."

माझ्या बाजूनंही एक सांगून टाकते. काउंटरवर बसलेल्या बाईचं तोंड हा गावाचा सार्वजनिक विषय असतो. हसून बोललं तर "लय हासते बापा ते", नाही हसलं तर "घमेंडी आहे, कागद फेकल्यासारखा देते". पहिली दोन वर्षं मी रोज आरशात बघून ठरवायची की आज किती हसायचं. पुरुष गिऱ्हाईक असलं तर वेगळं, सोबत त्याची बायको असली तर वेगळं, सासूबाई दुकानात येऊन बसल्या तर आणखी वेगळं. इतका हिशोब तर मी महिन्याच्या कमिशनचा ठेवत नाही. म्हणजे तोंडावरून माणसाबद्दल काय काय बनवलं जातं हे मला चांगलं माहीत होतं, रोज भोगत होते, आणि तरीही गुरुजींच्या बाबतीत मी लाईनीत सगळ्यात पुढं.

बाबा एक दिवस गुरुजींकडे गेले. माफी-बिफी काही मागितली नाही, आमच्याकडं ती पद्धत नाही. ओसरीवर बसले, यंदा तूर कशी आहे ते विचारलं, गुरुजींनी सांगितलं, बाबांना ऐकू आलं नाही, बाबांनी खुर्ची सरकवून गुरुजींच्या तोंडाशी नेली. काकूंनी चहा केला. गुरुजी कप दोन्ही हातांनी धरतात आता. औषधानं चालण्यात फरक पडलाय, तोंडात मात्र थोडाच. बाबा सांगत होते की पहिले दोन-चार दिवस त्यांना फार कठीण गेलं, कारण सवयीनं नजर तोंडाकडंच जाते आणि तोंड म्हणतं हा माणूस कंटाळला, उठ आता. मग ते तोंडाकडं पाहणं सोडून नुसतं ऐकायला लागले. गुरुजी बोलतात तेच, तीच मिश्किल वाक्यं, पण आता ती अशी येतात जशी रेडिओवर कोणी बातम्या वाचतो.

परवा दोघं आले, बाबांच्या मोपेडवर, गुरुजी मागं. लाईनीत सात-आठ म्हातारे होते. मी मोबाईल गुरुजींसमोर धरला. ते ॲप चेहरा गोलात घ्यायला लावतं आणि मग म्हणतं डोळे मिचकवा, म्हणजे त्याला कळतं की समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे. गुरुजींची पापणी लवायला वेळ लागतो. एकदा फेल. दुसऱ्यांदा फेल. मागच्या लाईनीत चुळबूळ सुरू झाली. मी म्हटलं, गुरुजी, घाई नाही, आरामात.

गुरुजी त्या कोऱ्या तोंडानं मोबाईलकडं पाहत हळूच म्हणाले, "यालेही शंका हाय, मी हावो का नाई."

लाईनीतलं कोणी हसलं नाही. त्यांनी गुरुजींचं तोंड पाहिलं होतं, त्यांना वाटलं गुरुजी चिडले. बाबा मात्र असे हसले की त्यांची टोपी खाली पडली, आणि त्या आवाजानं गुरुजी दचकले का काय झालं, पापणी मिटली, आणि हिरवी टिकची खूण आली.